पायरीचं बारसं

बुरुडाच्या भिवरीनं लेकीचं नाव पायरी ठेवायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीच्या भाकऱ्या करपल्या. बायका चुलीपाशी होत्याच कुठं? सगळ्या भिवरीच्या दारात!

"अगं, पायरी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं पाय द्यायची वस्तू," सोनारीण म्हणाली.

"पत्रिकेत 'भ' आलाय. भामा ठेव, भागीरथी ठेव," जोशीबुवांनी बाहेरूनच बजावलं.

नणंद तर फुगून कोपऱ्यात बसली. "बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. मी असलं नाव सांगायची नाही. बघते बारसं कसं होतं ते."

भिवरी बाजेवर पडूनच बोलली, "सुपांची चळत डोक्यावर घेऊन मी घाट चढत होते. नवव्या पायरीवर कळा सुरू झाल्या. वरून माणसं आली, खालून माणसं आली, पदर सावरून कडेकडेनं गेली. सोनारीणकाकू, तुम्हीपण. मला टेकू दिला तो पायरीनं. मग नाव कुणाचं ठेवू?"

"मला त्या दिवशी घाई होती गं," सोनारीण म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी आठवून घरी गेली.

जोशीबुवा मात्र तक्रार घेऊन तडक राजाच्या वाड्यावर गेले. राजा रणभानू मोठा हट्टी, त्यातून नावांचा भारी शौकीन. हत्तीचं नाव रणगज, तळ्याचं रणसागर, अंगणातल्या आंब्याचं रणफळ. सगळं स्वतःवरून! त्यानं भिवरीकडे शिपाई धाडला. "बाराव्या दिवशी लेक घेऊन दरबारात ये. माझ्या राज्यात एकही माणूस नाक मुरडणार नाही, असं नाव आण. नाही आणलंस तर मी ठेवीन ते नाव. रणबाई."

शिपाई गेल्यावर भिवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सासूबाई, कुणीच नाक मुरडत नाही असं नाव असतं का हो कुठं?"

म्हातारी चांगुणा बांबूच्या कांबट्या सोलत बसली होती. तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"चाळीस वर्षांमागं या हातांनी वाड्यावर एक सूप दिलं होतं," ती म्हणाली. "राणीसाहेबांची तीन लेकरं गेली होती. चौथं झालं, ते जगावं म्हणून त्याला माझ्या सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं. मीच उचलून परत त्यांच्या ओटीत घातलं. दृष्ट लागू नये म्हणून नावही तसंच ठेवलं." आणि ते नाव तिनं सुनेच्या कानात सांगितलं.

भिवरीनं डोळे पुसले आणि ती हसली.

बाराव्या दिवशी न्हाऊन-माखून, लेकीला सुपात घालून ती दरबारात उभी राहिली. सूप खाली ठेवलं, मुजरा केला.

"आणलंस नाव?" राजानं मिशीवर ताव देत विचारलं.

"आणलंय, महाराज. मुलग्याचं आहे, पण आधी चार शहाण्यांचं मत घ्यावं म्हटलं. केरू."

दिवाणजी खो-खो हसले. "केरू? या नावाच्या माणसाला मी माझ्या दारात उभं करणार नाही."

"घोडासुद्धा पाठीवर बसू देणार नाही त्याला," सेनापती म्हणाले.

जोशीबुवांनी बोटं मोजली. "अशा माणसाला दोन वेळचं अन्न मिळालं तरी पुष्कळ."

सगळा दरबार हसला. राजाचा हात मात्र मिशीवर होता तिथंच थांबला.

"भिवरे, हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"ज्या सुपात ते नाव पडलं, ते सूप आमच्या घरचं, महाराज."

राजानं खाली ठेवलेल्या सुपाकडे पाहिलं. मग दिवाणजींकडे वळला. "म्हणजे दिवाणजी, तुम्ही मला दारात उभं करणार नाही तर."

"मी? महाराजांना?"

"केरू मीच. आईसाहेब मला शेवटपर्यंत केरूच म्हणायच्या."

मग दिवाणजींनी घसा साफ केला. "केरू. वा! काय भारदस्त नाव आहे."

"ऐकताच शत्रू पळेल," सेनापती म्हणाले.

जोशीबुवांनी पुन्हा बोटं मोजली. "मघाशी एक बोट राहिलं होतं. राजयोग आहे, राजयोग."

भिवरीनं हात जोडले. "झालं काम, महाराज. आता या नावाला कुणी नाक मुरडत नाही."

राजा पेचात पडला. "मग लेकीचं नाव केरू ठेवणार?"

"नाही जी. ते आईसाहेबांनी तुम्हाला दिलं, तुमच्यापाशीच राहू दे. घटकेपूर्वी सगळे त्याला हसत होते. नाव काही बदललं नाही. तुम्ही ते आपल्या तोंडानं उच्चारलं, एवढंच झालं. माझ्या लेकीलाही तुमच्या तोंडानं एक हाक मारा."

राजा गादीवरून उतरला, सुपापाशी उकिडवा बसला. "पायरे. ए पायरे."

"वा!" दिवाणजी म्हणाले. "पायरी! माझ्या अगदी ओठांवर होतं बघा."

ते ऐकून राजा असा हसला, असा हसला, की पायरी दचकून उठली आणि रडायला लागली. राजानंच तिला उचलून भिवरीच्या हातात दिलं. रणबाईचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. चांदीचा पाळणा दिला, आणि वाड्याची सारी सुपं-टोपल्या यापुढं भिवरीच्याच घरून येतील, असा हुकूम काढला.

संध्याकाळी बारसं झालं. घुगऱ्या वाटायला सोनारीण पुढं. आणि नणंद सगळ्यांना कोपरानं ढकलत पाळण्यापाशी पोहोचली. नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं, पण तिनं ते असं सांगितलं, की घाटाच्या नवव्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.