टाचेतला मुरूम

एका राज्यात, जिथं डोंगर उभे राहून दमले आणि नदी आडवी पडून निजली, तिथं देवानं माती हात राखून वाटली होती. नदीकाठाला दिली काळी. खोल, चिकट, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. एकदा पाणी प्याली की हिवाळाभर पोटात धरून ठेवी आणि नुसत्या दहिवरावर शाळू ज्वारी पिकवी. मधल्या उताराला दिली तांबडी. हलकी माती ती, बाजरी नि मटकीपुरती. आणि वर माळ. माळाला माती अशी दिलीच नाही. दोन बोटं मुरूम, खाली खडक. नांगर घातला तर फाळ मोडावा. पण पाऊस ओसरला की तिथं लगेच पाय कोरडे, आणि त्या मुरमातून कुसळी गवत असं उठे की मेंढरांनी सकाळी खाली घातलेली मान दिवस कलला तरी वर होत नसे.

काळीत शेतकरी, माळावर धनगर. सुगी उरकली की धनगर खाली उतरत, रिकाम्या शेतात मेंढरं बसवत. लेंड्या काळीला, ज्वारी धनगराला. ढग दिसले की कळप पुन्हा वर. कुणी कुणाला आगंतुक म्हणत नव्हतं.

त्या राज्याच्या राजाला तीन राण्या. थोरली हंसाराणी नदीकाठची, मधली केवडाराणी तांबड्या उताराची आणि धाकटी सुरवंता, माळावरच्या धुळाजी धनगराची लेक. राजा शिकारीला गेला असताना त्यानं तिला वाघरात, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, कोकरं कोंडताना पाहिलं आणि मागणी घातली.

त्या राजघराण्याची एक रीत होती. राणी सासरी येताना ओटीत माहेरची माती आणी. ती माती एका कुंडीत घालायची आणि दर नवरात्रात तीत घटाचं धान पेरायचं. जिच्या माहेरच्या मातीत धान उंच येईल तिनं देवीपुढचा मोठा दिवा लावायचा आणि वर्षभर राजाच्या उजव्या हाताला बसायचं.

आता मुरमात ज्वारी कशी वाढावी? हंसाराणीचं धान वीतभर झालं, केवडाराणीचं चार बोटं. सुरवंताचं उगवलं, पिवळं पडलं, आणि नवरात्र उठण्याआधीच कुंडीच्या काठावर लोळलं.

हंसाराणी म्हणाली, "धाकटे, तुझ्या बापानं ओटीत माती घातली की चूल पुसून राख?"

केवडाराणी म्हणाली, "राखेत तरी भोपळा येतो हो, थोरल्या बाई. हिच्या माहेरी गारगोट्याच पिकतात."

दासी पदराआड हसल्या. राजा हसला नाही, पण त्यानं गप्पही कुणाला केलं नाही. सुरवंताला तेच फार लागलं.

गावाबाहेर एक वारूळ होतं, माणसाच्या दुप्पट उंच. त्यात एक मांत्रिक राही. त्याचं अंग मातीचं होतं, बोलताना ओठांतून भुसभुशीत माती खाली सांडे. सुरवंता भर दुपारी तिथं गेली.

"काय हवं?" मांत्रिकानं विचारलं.

"माझ्या माहेरची माती काळी करा."

"कुंडीतली, की सगळी?"

सुरवंता थबकली. कुंडीतली म्हणावी, तर हंसाराणी माळावर माणूस धाडून ताडून बघणार. आणि दिवा मिळाला तरी आपण माळावरचीच राहणार. तिच्या मनात आलं, माहेरच काळीचं झालं तर तोंड उघडायची कुणाची छाती? आबाही कणसातून हिंडतील, बिचारे.

"सगळी," ती म्हणाली.

"माळाला विचारलंस?"

"माळाला काय विचारायचं? देताच आहे ना आपण."

"बरं," मांत्रिक म्हणाला. त्यानं एक चिमूट माती जिभेवर ठेवली आणि गिळली.

दुसऱ्या दिवशी माळ काळा झाला. क्षितिजापर्यंत काळा. सुरवंताच्या कुंडीतला मुरूमही लोण्यासारखा मऊ झाला. पुढं पावसाळा आला आणि गेला. माहेरचं कुणी आलं नाही, तिनंही माणूस धाडलं नाही. शेतकरी झालेल्या माणसाला पावसाळ्यात सवड कुठली, असं ती म्हणे.

नवरात्र आलं. तिच्या कुंडीतलं धान हंसाराणीच्या धानावर चढलं. केवडाराणीनं दोनदा बोटं लावून बघितलं आणि तोंड फिरवलं. सुरवंता नवं लुगडं नेसली, काकडा हातात घेतला. तिनं दिव्याला ज्योत लावली आणि त्याच वेळी दाराशी गलका झाला.

"कोण रे तू?"

"राणीचा बा."

"राणीचा बाप अनवाणी असतो होय?"

"वहाणा चिखलात राहिल्या, दादा. वढून काढता येईनात मला."

धुळाजी आत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मागं काहीच नाही. धनगराच्या मागं मेंढरू नसलं की तो कसा दिसतो, ते सुरवंतानं तोवर पाहिलं नव्हतं.

"आबा, कळप कुठं?"

"बसली ती उठली न्हाईत, बाय." धुळाजी दिव्याकडं बघत म्हणाला. "माळ काळा झाला. कुनाचा कोप म्हनावा ते कळंना. कुसळी गेली, लव्हाळा आला. पावसात मेंढरं गुडघ्याएवढी रुतली. अंग सुकायला जागा न्हाई. खुरं सडली, त्यात किडं पडलं. घुंगऱ्या एडका तेवढा हाय, चार म्हाताऱ्या मेंढ्या हायेत. आन् वर राजाची मान्सं आली. काळी झाली तर नांगरा, न्हाईतर उठा, म्हनली. आमच्या हाताला नांगर ठाव न्हाई. दिवाळी झाली की समदा धनगरवाडा मुलूख सोडतोय. तुला एकदा बघून जावं म्हनून आलो." मग तो हसला. "दिवा तू लावलास व्हय? बरं झालं. येकाचं तरी बरं झालं."

सुरवंताच्या हातातला काकडा विझला. खरं सांगावं असं ओठांवर आलं, पण सगळा राजवाडा बघत होता. दिवस वर आला तशी ती त्याच नव्या लुगड्यात वारुळाकडं धावली.

"माळ परत द्या," ती म्हणाली.

"द्यायला मुरमाचं बियाणं लागतं," मांत्रिक म्हणाला. "भुईवर पडलेला सगळा मुरूम काळा झाला. जिवंत अंगात शिरलेला तेवढा राहिला, आणि तो तीनच ठिकाणी आहे. माळढोकाच्या पोटात, एडक्याच्या खुरात, तुझ्या बापाच्या टाचेत. तिन्ही आण. पण माळ कुणी घालवला ते ज्याचं त्याला सांगायचं, आणि ते ऐकून त्यानं आपणहून द्यायचा. खोटं बोललीस तर मुठीत चिखल होईल."

"तुमची दक्षिणा?"

"मला काही नको. घेणारे वेगळेच आहेत."

माळढोक पक्षीण काळ्या ढेकळांत एकटी उभी होती. सुरवंतानं तिला सगळं सांगितलं.

पक्षीण म्हणाली, "वर्षाला माझं एक अंडं. घरटं मी बांधत नाही. मुरमावर उघडंच ठेवते, खड्यांत खडा दिसावा म्हणून. तुझ्या काळीवर ते लांबून दिसलं. कोल्ह्याला शोधावंही लागलं नाही."

सुरवंतानं मान खाली घातली. पक्षीण पुढं म्हणाली, "पोटातले खडे दिले तर दाणा दळायचा कशानं?"

"मग नको देऊस."

"नको म्हणायची जागा वारुळापाशी होती, राणी. आता धर."

तिनं मान ताणली, खडे ओकले आणि जड पंखांनी उडाली. ती ज्या दिशेला गेली तिकडून माळढोक त्या राज्यात पुन्हा कधी आला नाही.

घुंगऱ्या एडका धनगरवाड्याबाहेर बांधलेला होता. एडका बोलत नाही, पण धनगराच्या लेकीला त्याचा डोळा कळतो. सुरवंतानं त्याच्या कानात सगळं सांगितलं. त्यानं बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. मग सडका पाय पुढं केला. खुराच्या फटीत मुरमाचा खडा मांसाला धरून बसला होता. तिनं तो चिमट्यानं ओढला तेव्हा निम्मं खूर सोबत आलं. एडका ओरडला नाही. ते तिला ओरडण्याहून वाईट वाटलं.

मग उरला बाप.

धुळाजी राजवाड्याच्या गोठ्यापाशी उन्हाला बसला होता. सुरवंतानं घंगाळात ऊन पाणी आणलं आणि त्याचे पाय आत घेतले.

"अगं, राणी नव्हं का तू! दासी बघतील."

"बघू देत, आबा."

टाचांना कुऱ्हाडीनं घाव घातल्यासारख्या भेगा होत्या. आयुष्यभराचा माळ त्या भेगांत बारीक होऊन बसला होता, चिखलानंही तो निघाला नव्हता. सुरवंता पाय चोळत राहिली आणि सांगत राहिली. कुंडीचं सांगितलं, राखेचा टोमणा सांगितला, वारूळ सांगितलं. "कुंडीतली की सगळी असं त्यानं विचारलं, आबा. मी सगळी म्हणाले," हेही सांगितलं.

घंगाळातलं पाणी निवलं तशी धुळाजीनं मान वर केली. मग म्हणाला, "तुझ्या ओटीत माती कुनी घातली, ठाव हाय?"

"तुम्ही."

"लगनाच्या आदल्या दिशी अख्खा माळ फिरलो. बोरीच्या बुडाला पाला कुजून जरा बरी माती व्हती. चाळून घातली, खडा ऱ्हाऊ नये म्हनून. म्हनलं, राजाच्या घरी लेकीला कुनी हसू नये." त्यानं घोंगडी खांद्यावर ओढली. "तरी हसली व्हय?"

"हसली, आबा."

"मग मला सांगायचं व्हतंस. मी येऊन तुला माघारी न्हेली असती."

हे मात्र सुरवंताच्या कधी मनातच आलं नव्हतं.

धुळाजीनं पाय वर केला. "काढ."

तिनं चिमट्यानं भेगेतला मुरूम कणाकणानं काढला. रक्त आलं. ते थांबवायला तिनं पदर पुढं केला, तर त्यानं पाय मागं घेतला आणि वर चिमूटभर राख दाबली.

"माळ आला तर आमी मुलूख सोडनार न्हाई," तो उठत म्हणाला. "आमी तिथंच ऱ्हाऊ. तू मात्र येऊ नगंस, सुरवंते. मी तुला काय म्हनत न्हाई. पर मला तिथं तू दिसशील, आन् बसलेली मेंढरं दिसतील."

मांत्रिकानं तिन्ही मुरूम एका मुठीत घेऊन माळाकडं फुंकले. काळी उतरली. खडक वर आला, त्यावर दोन बोटं मुरूम पसरला, आणि पहिल्याच सरीला कुसळीचे कोंब निघाले. नांगर घेऊन गेलेले मोडके फाळ घेऊन परतले. धनगरांनी दुसऱ्या मुलखातून थोडी थोडी मेंढरं आणली आणि पुढच्या सुगीनंतर कळप पुन्हा काळीत बसले. खत नसल्यानं ती वरून पांढरी पडत चालली होती, ती पुन्हा काळी दिसू लागली. राज्य ठिकाणावर आलं. राजानं माळावर नांगर नेऊ नये अशी द्वाही फिरवली, आणि ते आपल्यालाच सुचलं असं तो मरेपर्यंत समजत राहिला.

धुळाजी दर उन्हाळ्यात राजवाड्याखालच्या शेतात मेंढरं बसवी. पुढं पुढं लंगडा एडका चाले, त्याच्या घुंगरांचा ताल एका पायाला चुके. सुरवंता सज्जातून "आबा" म्हणून हाक मारी. धुळाजी ऐके. मग वाकून कुत्र्याची मान खाजवी आणि पाठमोरा होई.

तिच्या कुंडीत पुन्हा मुरूमच होता. पुढच्या नवरात्रात तिनं ज्वारी पेरली नाही, कुसळीचं बी पेरलं. पाणी नावाला घातलं. गवत ताठ उभं राहिलं.

हंसाराणी म्हणाली, "धाकटे, घटात गवत? देवी काय मेंढरू आहे?"

"माझ्या माहेरी हे पिकतं," सुरवंता म्हणाली, आणि तीन कुंड्यांच्या रांगेत आपली शेवटी ठेवली.

दिवा हंसाराणीनं लावला. सगळे पाया पडून गेले. सुरवंता कुंडी उचलताना वाळलेलं एक कुसळ गळून पडलं आणि तिच्या टाचेत शिरलं. राजवाड्यात राहून टाच मऊ झाली होती, ते चटकन आत गेलं. दासी चिमटा घेऊन धावली.

"राहू दे," राणी म्हणाली.

काळी नदीकाठी राहिली, तांबडी उतारावर राहिली, माळ माळावर राहिला. सुरवंता जगली तोवर त्या पायानं जरा लंगडत चालली, आणि का ते तिनं कुणाला सांगितलं नाही.