सगुणाबाई पोतदारणीची पारख

एका राज्यात, जिथे डोंगर कूस बदलत आणि पाखरं हिशेब ठेवत, शतकेतू नावाचा राजा होता. राजा जादूगार होता, शिवाय हट्टी. हे दोन गुण एका माणसात आले की प्रजेनं जपून राहावं.

त्याच्या खजिन्यात जगातली जुनी नाणी होती. व्यापारी फसवतात म्हणून राजानं मंत्र घातला: नाण्याची खोटी किंमत सांगेल तो तांब्याचा होईल. पण मंत्राला धनी कुठला ओळखू यायला? एकदा राजानंच एका नाण्याची खोटी वाखाणणी केली नि त्याचा उजवा हात तांब्याचा झाला. तांबं खांद्याकडे सरकू लागलं. मग दवंडी पिटली: तीन नाण्यांची खरी किंमत सांगेल, त्याच्या हातून शाप सुटेल.

नावाजलेले पारखी आले आणि ओळीनं तांब्याचे झाले. त्यांत बयाजी पोतदारही होता. पहारेकरी त्याच्या डोक्यावर पागोटी वाळत घालू लागले. हे त्याच्या बायकोच्या, सगुणाबाईच्या कानी आलं. सगुणाबाई म्हणजे जिच्या अंगठ्याशी धातू बोलायचा. ती तडक दरबारात आली. नवऱ्याच्या डोक्यावरचं पागोटं तिनं आधी उचललं, मग मुजरा केला.

खजिन्याची राखण साळुंकीकडे होती. ती म्हणाली, "बाई, नवऱ्याशेजारी जागा धरून ठेवू?"

"जागा राहू दे. नाणं आण."

पहिलं आलं ते सोन्याचं, दिव्यासारखं झगझगीत. सगुणाबाईनं कडेवरून नख फिरवलं. "नाण्यावर ठसा हाणतात. हे साच्यात ओतलंय, कडेला शिवण लागते. सोन्याच्या भावानं घ्या, नाण्याच्या नको."

तिची पावलं पावलंच राहिली, तांब्याची झाली नाहीत. काही दरबाऱ्यांचा हिरमोड झाला.

दुसरं चांदीचं, काळं पडलेलं, अंगभर टोचे. कारभारी लगबगीनं चिंच घेऊन घासायला धावला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"कारभारी, चिंच आमटीत घाला. हा काळेपणा याचं वय आहे. आणि हे टोचे? गावोगावच्या सराफांनी चांदी खरी बघून मारलेल्या खुणा. एवढ्या पेठा फिरून कुठं खोटं ठरलं नाही बिचारं. चांदीच्या दसपट."

साळुंकीनं चोचीनं हिशेबात दसपट टिपली.

तिसऱ्या नाण्यावर खुद्द शतकेतूचा चेहरा होता; राजानं खोटी वाखाणणी केली होती ती याचीच. सगुणाबाईनं अंगठा फिरवला आणि थबकली. ठसा घसरला होता, हातोडा दोनदा पडला होता. महाराजांना दोन नाकं होती. बयाजीसकट सगळे इथंच भिऊन "निर्दोष, अमोल" म्हणाले असणार. पारख्यानं अमोल म्हणणं म्हणजे वैद्यानं देवावर हवाला टाकणं. पण खरं बोलावं तर भर दरबारात राजाचं नाक जातं, आणि मागोमाग आपली मान.

"महाराज, उपरणं अंथरा," ती म्हणाली.

पोतदारांची ही जुनी रीत. अवघड किंमत उपरण्याखाली, बोटं दाबून सांगायची. राजानं तांब्याचा हात पुढे केला.

"तो नको. ज्याला कळतं तो द्या."

राजानं डावा हात दिला. उपरण्याखाली तिनं त्याचा अंगठा नाण्यावरून फिरवला: एक नाक, मग हळूच दुसरं. राजाचं कपाळ आक्रसलं. मग तिनं एकेक बोट दाबत आकडा सांगितला. राजाच्या भुवया वर गेल्या.

"एवढी? ही खोड असून?"

"खोड आहे म्हणूनच, महाराज. बिनचूक नाणी तुमच्याकडे पोत्यानं पडलीत. असं देखणं चुकलेलं नाणं पृथ्वीवर एकच. मला तर सोडवत नाही हातातून."

राजानं अंगठा पुन्हा एकदा दोन्ही नाकांवरून फिरवला. शेवटी त्यानं उपरणं स्वतःच्या हातानं बाजूला केलं आणि नाणं दरबारापुढे धरलं.

"आम्हाला दोन नाकं आहेत," तो म्हणाला. "नीट बघून घ्या."

त्या शब्दासरशी खांद्यापासून तांबं ओघळलं, फरशीवर सांडलं, आणि ओळीतले पारखी एकामागून एक शिंकत जागे झाले. राजानं मंत्र मागे घेतला आणि खजिन्याची दारं प्रजेला बघायला उघडली.

बयाजी बायकोच्या मागे धावला. "अगं, किती सांगितलीस?"

"उपरण्याखालचा आकडा आहे," सगुणाबाई म्हणाली. "तुम्हीही पोतदार ना? चला घरी."

तेव्हापासून त्या राज्यात वस्तू आपल्या मोलानं आणि राजा आपल्या नाकांसकट सुखानं नांदला. ऐकणाऱ्यांचीही कुणी खोटी किंमत न करो.