कुंपणापुरते प्रमाणपत्र

बलवंताने आखलेली रेघ न पुसता तिच्याच आधारे त्याला अडवायचे, ही चातुर्यकथेची जुनी रीत कारखान्यांच्या काळातही टिकून आहे.

एका रंग-कारखान्याचे संशोधनप्रमुख डॉ. देवचक्के यांनी नवी रंगप्रक्रिया शोधली होती. ती निसर्गाला कितपत पेलवेल, हे तपासून प्रमाणपत्र द्यायला परीक्षक प्रमिला तांडेल आल्या. कारखान्याच्या अहवालात ‘घातक गाळ : शून्य’ असे लिहिलेले होते. नेमका त्याच वेळी गाळाने भरलेला टँकर फाटकातून आंबेखाडीच्या जुन्या खाणीकडे निघालेला त्यांना खिडकीतून दिसला. त्या खाणीच्या उताराखालीच गावाच्या विहिरी होत्या.

“साहेब, हा गाळ कुठे मोजलात?”

“बाई, मूल्यमापनाची हद्द आमच्या कुंपणापर्यंत. ती आम्हीच ठरवायची असते. बाहेरचं आम्हाला विचारू नका. उद्या मंत्र्यांपुढे प्रमाणपत्र ठेवायचंय, सही करा.”

प्रमिलाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सही केली आणि खाली एक ओळ लिहिली : ‘हे प्रमाणपत्र कुंपणाच्या आतच ग्राह्य.’

देवचक्के भडकले. “मग आत दाखवू कुणाला? माळ्याला?”

“हद्द तुम्हीच आखलीत, साहेब. ज्या दिवशी गाळ फाटकाच्या आत थांबेल, त्या दिवशी प्रमाणपत्र बाहेर जाईल.”

 देवचक्के यांनी फोन उचलला आणि टँकर माघारी बोलावला. मंत्र्यांपुढे दुसऱ्या दिवशी काहीच ठेवले गेले नाही. प्रयोगशाळेत मात्र गाळावरचे संशोधन त्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाले.