पाडव्याच्या दिवशीचं व्होल्टेज

“मग आता इथं माणूस बसवायचाच कशाला, अप्पा? तुम्हीच सांगा.”

बोरमाळच्या चारशे केव्ही उपकेंद्रात केतकी मोहोळकर विचारत होती. नवा शंट रिअॅक्टर तिच्या देखरेखीखाली उभा राहिला होता. बाहेर यार्डात, तेलाने भरलेली घराएवढी टाकी. लाईनवर लोड कमी झाला की व्होल्टेज चढतं. ते चढलेलं व्होल्टेज खाली ओढायचं, हे या रिअॅक्टरचं काम.

शिवलिंगअप्पा एकतीस वर्षं याच कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. केतकी इंजिनिअर होऊन आली, पण काम शिकली ती त्यांच्याकडे. यंत्र दाखवायला तिने आज मुद्दाम गाडी पाठवून त्यांना आणवलं होतं.

दिवाळीचा पाडवा होता. सकाळचे दहा वाजून गेले होते.

अप्पा पडद्यावरचे आकडे वाचत होते.

“बघा,” तिने पडद्याकडे बोट केलं. “कारखाने बंद. लाईन जवळजवळ रिकामी. चारशे अठरा… बावीस…”

अप्पांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. भिंतीपर्यंत गेला. बोटं मिटली.

जुन्या स्विचची मूठ तिथं असायची. आता नुसता रंग होता.

केतकी हसली. “राहू द्या, अप्पा. तुमचा रिअॅक्टर एक तर सगळा चालू, नाहीतर सगळा बंद. तेही माणसाने करायचं. हा स्वतःच बघतो. जेवढं लागेल तेवढंच.”

आकडे उतरू लागले. एकोणीस… चौदा… आठ. तिथं थांबले.

“कुणी हात लावला?” केतकीने विचारलं.

“नाही.” अप्पा पडद्याकडे वाकले. “चांगलं झालं, बाई. फार चांगलं झालं.”

“तुम्ही तर सगळे पाडवे इथंच काढलेत म्हणे.”

“बाकीच्यांची लेकरं लहान असायची. मी म्हणायचो, तुम्ही जावा घरी.”

“आणि अक्का? नवऱ्याविना पाडवा?”

“ती अकराला पाट मांडायची. निरांजन लावायची.” अप्पा थांबले. “मी पोचायचो दिवस बुडताना. तोवर वात कितीदा बदललेली असायची, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही…”

टेबलावर केतकीचा फोन थरथरला. तिने तो उलटा करून ठेवला.

“कोण?”

“अभय. घरी वाट बघतोय, पाडव्याच्या औक्षणासाठी. जाईन दुपारनंतर.”

“इथं काही अडलंय का तुझ्यावाचून?”

केतकीने वर पाहिलं. पडद्यावर चारशे आठ स्थिर होतं.

“नाही…”

अप्पा खुर्चीचा हात धरून उठले. “किती वाजले?”

“साडेदहा.”

“ड्रायव्हरला सांग. अकराच्या आत घरी सोड म्हणावं.”

“एवढी घाई? चहा सांगितलाय, अप्पा. आणि घरी…” ती अडखळली. अक्कांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मातीला ती स्वतः गेली होती. “घरी आता कोण आहे?”

अप्पांनी दाराशी चपला घातल्या. एक पाय चुकला, तो पुन्हा घातला.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “तरी एकदा वेळेवर जाऊन बघतो.”