वेडीची जागा

बोरखडीच्या देवळात पाहुणा पहिल्यांदा शिरला की थोडा गोंधळतोच. तिथले ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळ म्हणतात, ते एक असो. पण समोर अगदी मधोमध, जिथे वेदी असायला हवी, तिथे गुडघाभर उंचीचा एक दगडी ओटा आहे. पाच हात लांब, तीन हात रुंद. त्यावर ना क्रूस, ना मेणबत्त्या, ना फुलं. नुसती एक वाकळ अंथरलेली. प्रभुभोजनाचं मेज बापडं उजव्या भिंतीला लागून उभं आहे, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून.

नवे पाळकसाहेब गावात आले की पहिल्याच महिन्यात मेज मधे आणण्याचा विषय काढतात. मग देवळाच्या किल्ल्या सांभाळणारे योनाबाबा भिंगारदिवे त्यांना बाहेर कट्ट्यावर बसवतात आणि ठकीची गोष्ट सांगतात. विषय तिथेच मिटतो. बाबांना ही गोष्ट त्यांच्या आजीने सांगितली, आजीला तिच्या सासूने. मधे कोणी काय भर घातली ते देव जाणे. पण बाबा थापा मारतात त्या कांद्याच्या पिकाबद्दल. देवळाबद्दल मारत नाहीत, असं सगळा गाव सांगतो.

मोठ्या दुष्काळाला तेव्हा सहा वर्षं झाली होती म्हणे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली अकरा घरं ख्रिस्ती झाली होती आणि दर रविवारी चिंचेखाली उपासनेला बसत होती. वरून चिंचा पडत, मधून शेळ्या जात, गावातले टवाळ लांब उभे राहून भजनाला भलतेच शब्द जोडत. आपल्यालाही चार भिंती असाव्यात, असं या लोकांच्या मनाने घेतलं. गावातल्या देवळाच्या पायरीला शिवायची त्यांना सोय नव्हती. आता स्वतःचंच बांधायचं म्हटल्यावर म्हाताऱ्यांच्याही अंगात बळ आलं.

भिंती उभ्या करायच्या त्या दाजीबाने. हा माणूस धिप्पाड, अबोल आणि गवंडीकामात तरबेज. ओळंबा लावायच्या आधीच भिंत कुठे झुकली ते त्याची नजर सांगे. मंडळीत त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याला खाली बघायला लावणारी एकच गोष्ट होती आणि ती त्याच्याच घरात होती.

ती म्हणजे त्याची धाकटी बहीण ठकी. दुष्काळात ती नवरा-लेकरांसह सरकारी सडकेवर खडी फोडायला गेली होती. तिथे पटकीची साथ आली. आधी नवरा गेला, मग आठ दिवसांत दोन्ही लेकरं गेली. दाजीबा पोचला तेव्हा ती खडीच्या ढिगाशी बसून होती, म्हणे, आणि मांडीवर दोन दगड होते. त्यांना ती थोपटत होती. घरी आणली, पण डोकं ताळ्यावर आलं नाही. ओटीत दगड घालून हिंडायची, त्यांना अंगाई म्हणायची. कोणी दगड काढून घेतले की गाव गोळा होईल इतकं ओरडायची.

रविवारी उपासनेला निघताना दाजीबा तिला गोठ्यात घालून बाहेरून कडी लावी. चिंचेखाली बसलेल्यांना आतून तिचा आवाज ऐकू येई. मग भजन थोडं मोठ्याने म्हटलं जाई. दाजीबाची बायको गजराबाई तेवढी गाताना मधेच थांबे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणून लोक गप्प बसत. दाजीबाला ते बरंच वाटे.

देवळाचा पाया आखायला मिशनचा साहेब घोड्यावरून आला. मनाने चांगला, पण मराठीने त्याला फार छळलं होतं. त्याच्या जिभेला द साधत नसे. तो देवाला डेव म्हणे, दाराला डार म्हणे. लोकांना त्याची सवय झाली होती. साहेबाचा ड तेवढा द करून घ्यायचा, की झालं. एरवी उपदेशक नथूजी मास्तर बरोबर असत आणि साहेबाचं मराठी ते पुन्हा मराठीत सांगत. त्या दिवशी मास्तर हिवतापाने अंथरुणाला खिळले होते.

दाजीबाने पहाटेच चार कोपऱ्यांना चार दगड मांडून ठेवले होते. साहेबाला दाखवायला तो वळला, तर एकही दगड जागेवर नाही. गोठ्याची कडी कशी सुटली कोण जाणे, पण ठकी चारही दगड ओटीत घेऊन मधोमध उभी होती आणि डुलत होती. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भागोजी नावाचा एक खवचट माणूस म्हणाला, "घ्या, दाजीबाच्या भैनीनं देऊळ वटीतच घातलं!"

दाजीबाच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्याने तिच्या तोंडात मारली. साऱ्या मंडळीसमोर, साहेबासमोर. दगड खाली पडले. ठकी ओरडली नाही, नुसती खाली बसून ते चाचपडू लागली. गजराबाईने तिला उठवून बाजूला नेलं.

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला होता, पण तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. मग तो आखणीच्या पुढच्या टोकाला गेला आणि हातातल्या काठीने मातीत एक लांबट चौकोन ओढून म्हणाला, "इथे वेडी. ही वेडीची जागा. सगळ्यांच्या पुढे. आधी तिची जागा, मग तुमची. तिच्याकडे पाठ करू नका. तिच्यावाचून उपासना नाही. समजले, डाजीबा?"

दाजीबाने मान हलवली. साहेब घोड्यावर बसला आणि पुढच्या गावांच्या फेरीला निघून गेला. बाजरी निघाली की परत येतो, म्हणाला.

आता वेदी हा शब्द होमहवनाच्या घरातला. गावकुसाबाहेर तो कधी आलाच नव्हता, तर ओळखणार कोण? आणि वेडी तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती, गालावर पाच बोटं उमटलेली. त्यामुळे या एका शब्दापुरता साहेबाचा ड कोणीही द केला नाही.

संध्याकाळी चिंचेखाली बैठक बसली. भागोजी म्हणाला, "येडीला समद्यांच्या म्होरं बशिवायचं? गाव थुकंल आपल्या तोंडावर. आन्‌ एका बाईला पाच हात जागा कशापायी?"

गजराबाई एरवी पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी म्हणाली, "बसून बसून पाठ अवघडत न्हाई व्हय मानसाची? पडंल घटकाभर. सायबाला तेवढं कळतं, तुमाला न्हाई."

सगळे दाजीबाकडे पाहू लागले. त्याचा उजवा हात दिवसभर जड झाला होता. साहेबाने आपल्याला चारचौघांत रागावलं नाही, पण शिक्षा मात्र नेमकी दिली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो एवढंच म्हणाला, "सांगून गेलाय तसंच व्हईल."

भिंतींच्या आधी त्याने ओटा बांधला. ठकीच्या ओटीतून पडलेले चार दगड त्याने ओट्याच्या पायात घातले, आणि ते घालताना तो रडला, असं गजराबाईने पुढे लेकीसुनांना सांगितलं.

भिंती उभ्या राहिल्या, वर गवताचं छप्पर चढलं. पहिल्या रविवारी गजराबाईने ठकीला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. पहिले चार-पाच रविवार काय झालं ते विचारू नका. ती मधेच हसे, मधेच ओरडे, एकदा तिने आजारी नथूजी मास्तरांच्या जागी आलेल्या उपदेशकाचं पागोटं उचलून त्यात दगड झोपवले. लोक चुळबुळले, दोन घरं रुसून घरी बसली. पण साहेबाचा हुकूम होता, आणि दाजीबा दारात उभा होता.

हळूहळू एक गंमत झाली. भजनातल्या ओळीचा शेवटचा शब्द ठकी उचलू लागली. सगळ्यांचं म्हणून संपलं तरी ती तो शब्द धरून ठेवी, दम संपेपर्यंत. आधी लोक हसले. मग तिचं होईपर्यंत थांबू लागले. पुढे पुढे तिचा शब्द खाली बसल्याशिवाय कोणाला पुढची ओळ सुचेनाशी झाली. ती पुरती बरी झाली, असं बाबा म्हणत नाहीत. ओरडणं कमी झालं, आणि रविवारी सकाळी ती आपणहून केस विंचरायला गजराबाईपुढे येऊन बसे, एवढंच. दाजीबाला तेवढंही पुष्कळ होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा तो बहिणीच्या शेजारून मान वर करून चालत होता.

बाजरी निघाली आणि साहेब परत आला. या खेपेला नथूजी मास्तर बरोबर होते आणि बैलगाडीत सागवानी मेज होतं. देऊळ पाहून साहेब खूश झाला. भिंतीवरून हात फिरवला, दाजीबाची पाठ थोपटली. मग तो आत गेला आणि जागीच थबकला. ज्या ओट्यावर मेज मांडायचं, प्रभूची भाकर ठेवायची, त्या ओट्यावर एक बाई दगड मांडीवर घेऊन बसली होती.

त्याने मास्तरांना विचारलं, मास्तरांनी लोकांना विचारलं. उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे वेड्यांनो! साहेब वेदी म्हणाले, वेदी! म्हणजे देवापुढला पवित्र ओटा. वेडी नव्हे!"

मग भागोजी खो खो हसला. "म्या म्हनलंच हुतं! उठवा आता तिला." रुसलेल्या घरांतली माणसंही दारात येऊन उभी राहिली होती. साहेब हळूच म्हणाला, चूक माझ्या जिभेची आहे, बाईला सन्मानाने मागे बसवा, मेज मधे आणा. त्याशिवाय मला या देवळाचं समर्पण करता येणार नाही.

दाजीबा ओट्यापाशी गेला. हुकूम होता म्हणून त्याने इतके महिने सारं केलं होतं. आता तो हुकूमच नव्हता. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. त्याने ठकीचा हात धरला. ती लगेच उठायला लागली. कोणी हात धरला की उठायचं, गोठ्यात जायचं, हे तिला पाठ होतं. तेवढं तिचं निमूट उठणं त्याच्या काळजात घुसलं. त्याने तिला खांद्याला धरून परत खाली बसवलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची जीभ चुकली आसंल. आमच्या कानांनी बराबर ऐकलं. तुमचं मेज कुटंबी ऱ्हाईल, लाकडाचं हाय. हिला दुसरीकडं कुटं जागा न्हाई. समर्पान करायचं तर असंच करा, न्हाईतर आमी चिंचंखाली जातो. पर हिला घिऊन जातो."

मास्तरांनी हे साहेबाला कोणत्या शब्दांत सांगितलं ते कोणाला माहीत नाही. साहेबाने टोपी खाली ठेवून मेजाचं एक टोक स्वतः उचललं, दुसरं मास्तरांना उचलायला लावलं आणि मेज उजव्या भिंतीशी नेऊन टेकवलं. साहेब रडला, असं काही जण सांगतात. योनाबाबांना ते पटत नाही. "सायेब लोक रडत न्हाईत. ऊन लागलं म्हनत्यात."

त्यानंतर ठकी चार वर्षं जगली. एका पौषात तापाने गेली. देवळामागच्या मसणवटीत तिला ठेवलं आणि दुसऱ्या रविवारी मंडळी जमली. ओटा रिकामा होता. कोणाची नजर तिकडे जात नव्हती. भजनाची पहिली ओळ संपली आणि सवयीने सगळे थांबले, पण शेवटचा शब्द धरणारं कोणी नव्हतं. तेव्हा भागोजी उठून म्हणाला, आणि या वेळी तो खवचटपणे बोलला नाही, "आता मेज मदी आनू. ज्याची जागा त्याला."

दोघेतिघे मेजाकडे वळलेही. दाजीबा पुढे बसला होता, तो उठून मंडळीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती.

"म्या सा वरसं माज्या भैनीला गोठ्यात कोंडून ह्या सभंला येत हुतो," तो म्हणाला. "तुमाला समद्यांना तिचा आवाज ऐकू येत हुता. कुनी मला इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर तवाच लाज वाटली आसती, चांगलं झालं आसतं. आता म्या इचारतो. घरी कुनाला ठिवून आलात?"

बायांनी बायांकडे पाहिलं. दाजीबा खाली बसला नाही, पुढची ओळही म्हणू देईना. उन्हं दारातून आत सरकत आली. मग मेजाला हात लावून उभा असलेला भागोजी हात काढून घेऊन दाराबाहेर गेला. रागावून गेला, असंच सगळ्यांना वाटलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर त्याची आई होती. म्हातारी नेवाशाला धाकट्या लेकाकडे असते, असं तो दोन वर्षं सांगत आला होता. ती त्याच्याच घरात होती, कणगीमागच्या अंधारात. अर्धं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली, अंगाला वास येत होता. भागोजीने तिला ओट्यावर ठेवलं आणि तो तिथेच तिच्या पायांशी बसला. गजराबाईने आपलं लुगड्याचं धडपं तिच्या डोक्याखाली घातलं. ओटा पाच हातांचा होता, म्हातारी त्यावर नीट मावली. त्या रविवारची उपासना दुपार कलल्यावर पुढे सुरू झाली.

आजही बोरखडीच्या देवळात उपासनेची सुरुवात प्रार्थनेने होत नाही. मंडळीतला सर्वांत वयस्क माणूस, सध्या योनाबाबा, उभा राहतो आणि विचारतो, "घरी कोणाला ठेवून आलात?" मग थांबायचं. किती वेळ थांबायचं, हे कुठे लिहिलेलं नाही. बहुतेक रविवारी कोणी उठत नाही. पण एखादा मान खाली घालून चपला शोधत बाहेर गेला, तर तो परत येईपर्यंत सारी मंडळी बसून राहते आणि दाराकडे कोणी वळून पाहत नाही.