धाकट्याची जागा

बीट आणि गाजर दोन्ही मुळ्यासारखी पांढरी असायची, त्या काळची ही गोष्ट. गोदाक्काच्या वाफ्यात गाजराशेजारी बिटाच्या एकाच बीतून दोन रोपं उगवली. बिटाचं बी असतंच तसं.

गाजर म्हणालं, "आता विरळणी होईल. गोदाक्का एका जागी एकच रोप ठेवते, ताठ असेल ते. दुसरं उपटते."

थोरल्या रोपाची पाचावर धारण बसली. त्याने आपलं रुंद पान धाकट्यावर दाबून धरलं. उजेड शोधता शोधता धाकटं वाकडं झालं.

"दादा, मला ऊन लागू नये म्हणून ना?" धाकट्याने विचारलं.

"हो," थोरलं म्हणालं.

गाजराने सगळं पाहिलं. पण दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडा, म्हणून ते गप्प बसलं.

गोदाक्का आली. "हे वाकलंय," म्हणत तिने धाकट्याला चिमटीत धरलं. जाता जाता ते म्हणालं, "दादा, छान वाढ हं. माझीही जागा घे."

थोरल्याने ती घेतली आणि ते चांगलं वाटीएवढं झालं. काढणीला गोदाक्का सुनेला म्हणाली, "बघ शेवंता, किती गुणाचं बीट!"

शेवंताने ते चिरलं आणि दचकली. "सासूबाई, हे आतून लालभडक आहे हो!" ती हात धूत राहिली, पण रंग जाईना.

मग तिने गाजर सोललं. तेही पांढरं राहिलं नव्हतं.