चिचू चिचुंद्री आणि जाम झालेली फटफटी

गावाच्या कडेला पत्र्याचं गॅरेज. गॅरेजमागं परस. परसात बीळ. बिळात राहायची चिचू चिचुंद्री.

चिचू एवढीशी. नाक लांब. डोळे मिचमिच. आणि तिची बाळं? ती तर त्याहून एवढीशी. अंगावर नुकती लव आलेली. डोळे नुकते उघडलेले.

एके सकाळी चिचू किडे शोधायला गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मागं गॅरेजातून माणसं आली. त्यांनी एक जुनी फटफटी उचलून आणली. काळी. गंजकी. जड जड जड. परसात टाकून दिली.

धप्प!

माणसं गेली आपल्या वाटेनं. फटफटी राहिली. तिचं चाक बसलं नेमकं बिळाच्या तोंडावर.

चिचू परत आली. बीळ कुठंय? बीळ नाही. नुसतं चाक.

तिनं मातीला कान लावला. खालून आवाज आला.

चीं चीं चीं! चीं चीं चीं!

चिचूच्या तोंडातला किडा गळून पडला. तिनं माती उकरली. खर खर खर. माती दगडासारखी. तिचं नख मोडलं. बोटातून रक्त आलं. चाक तसंच.

मग चिचू म्हणाली,

"फटफटीबाई, फटफटीबाई,
माझी बाळं सुटेनात.
तू जरा सरक ना!"

फटफटी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी नाही सरकत. माझ्या पोटात इंजिन. इंजिनात पिस्टन. पिस्टन तुटून अडकलाय, म्हणून चाक जाम झालंय. मिस्त्री इंजिन जोडेल, तेव्हा मी सरकेन."

चिचू निघाली मिस्त्रीकडं. तुरुतुरु, तुरुतुरु.

गॅरेजात बसला होता बाबालाल मिस्त्री. हात काळे. कंबर वाकलेली. समोरचा चहा गार झालेला.

"शी! चिचुंद्री! वास येतो. लांब उभी राहा!"

चिचू लांब उभी राहिली. तिथूनच म्हणाली,

"मिस्त्रीबाबा, मिस्त्रीबाबा,
फटफटी जागची हलेना,
माझी बाळं सुटेनात.
तुम्ही इंजिन जोडा ना!"

मिस्त्री म्हणाला, "मी नाही जोडत. ती फटफटी माझ्या वडिलांची. ते गेले, ती पण गेली. तसला पिस्टन आता कुणी बनवत नाही. भंगारवाली मावशी जुना पिस्टन काढेल, तेव्हा मी इंजिन जोडेन."

चिचू निघाली मावशीकडं. मधे होता डांबरी रस्ता.

घर्रर्र! ट्रक आला. चिचू जमिनीला चिकटली. ट्रक वरून गेला. चिचू उठली. तुरुतुरु, तुरुतुरु.

रस्त्यापलीकडं मेलेल्या गाड्यांचा ढीग. फुटके दिवे. वाकडी हँडलं. कुणाला चाक नाही, कुणाला सीट नाही. ढिगापाशी शेवंतामावशी पत्रे निवडत होती. खडांग! खडांग!

"शी! चिचुंद्री! वास येतो. लांब उभी राहा!"

चिचू लांब उभी राहिली. तिथूनच म्हणाली,

"मावशी गं, मावशी गं,
मिस्त्री इंजिन जोडेना,
फटफटी जागची हलेना,
माझी बाळं सुटेनात.
तू जुना पिस्टन काढ ना!"

मावशी म्हणाली, "मी नाही काढत. पिस्टन आहे गं. पण तो एका मेलेल्या फटफटीच्या पोटात गंजून बसलाय. ठोकला तर फुटेल. घाणा तेल देईल, तेव्हा मी पिस्टन काढेन."

चिचू निघाली घाण्याकडं. तुरुतुरु, तुरुतुरु.

ढिगाला लागूनच लाकडी घाणा. काळा, तेलकट, गप्प. घाण्याला नाक नाही. म्हणून तो शी म्हणाला नाही. बाकी काही चांगलंही बोलला नाही.

"घाणेकाका, घाणेकाका,
मावशी पिस्टन काढेना,
मिस्त्री इंजिन जोडेना,
फटफटी जागची हलेना,
माझी बाळं सुटेनात.
तुम्ही थोडं तेल द्या ना!"

घाणा म्हणाला, "मी नाही देत. मी लाकडाचा. मला कुठं पाय आहेत? बैल मला ओढेल, तेव्हा मी तेल देईन."

चिचूला राहवेना. ती रस्ता ओलांडून परत परसात पळाली. मातीला कान लावला.

चीं... चीं...

आवाज बारीक झाला होता.

"आले गं, आले हं," चिचू मातीत तोंड घालून म्हणाली. आणि पुन्हा निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात बैल पडला होता. मान खाली. डोळ्यांभोवती माश्या. घूंऽ घूंऽ घूंऽ.

"हुं! चिचुंद्री! वास येतो. लांब उभी राहा!"

चिचू लांब उभी राहिली. तिथूनच म्हणाली,

"बैलोबा, बैलोबा,
घाणा तेल देईना,
मावशी पिस्टन काढेना,
मिस्त्री इंजिन जोडेना,
फटफटी जागची हलेना,
माझी बाळं सुटेनात.
तू जरा घाणा ओढ ना!"

बैल म्हणाला, "मी नाही ओढत. माझी मान बघ. गोचिडीच गोचिडी. दिवसभर माझं रक्त पितात. जू ठेवलं की आग आग होते. बगळा गोचिडी टिपेल, तेव्हा मी घाणा ओढेन."

परत जाऊन ऐकावं का? चिचू क्षणभर थांबली. ऐकायला गेलं आणि काहीच ऐकू आलं नाही तर?

चिचू परत गेली नाही. ती पुढं निघाली. ओढ्याकडं. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओढ्याकाठी बाभळ. बाभळीखाली बगळा. पांढरा बगळा, पण मातीनं मळलेला. एक पंख पसरलेला. दोन्ही पायांना पतंगाचा मांजा गुंडाळलेला. मांजाचं टोक काट्यांत अडकलेलं.

बगळ्याची चोच लांब. चोच टोकदार. बगळा बेडूक खातो. किडे खातो. चिचुंद्रीही खातो.

चिचू लांबच उभी राहिली. या वेळी कुणी न सांगता.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ,
बैल घाणा ओढेना,
घाणा तेल देईना,
मावशी पिस्टन काढेना,
मिस्त्री इंजिन जोडेना,
फटफटी जागची हलेना,
माझी बाळं सुटेनात.
तू गोचिडी टिप ना!"

बगळा म्हणाला, "मी नाही टिपत. मला कुठं उडता येतंय? कुणी मांजा तोडेल, तेव्हा मी गोचिडी टिपेन."

"कुणी म्हणजे कोण? मी कुणाकडं जाऊ?"

"कुणाकडं जाणार? इथं कुणी येत नाही."

चिचूनं इकडं पाहिलं. ओढा. तिकडं पाहिलं. काटे. खरंच कुणी नव्हतं.

"मी तोडते," चिचू म्हणाली. "माझे दात आहेत."

बगळ्यानं पिवळा डोळा तिच्यावर रोखला. "जवळ येऊ नकोस. कालपासून माझ्या पोटात काही नाही. गिळीन तुला."

"खरंच गिळशील?"

"मलाच माहीत नाही," बगळा म्हणाला.

 तरी चिचू पुढं गेली. एक पाऊल. आणखी एक. चोचीखाली आली. मांजाला दात लावला.

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

मांजा धारदार. चिचूचा ओठ कापला. तिनं सोडलं नाही. कुरुम कुरुम. वरून चोच खाली आली. आणखी खाली आली. चिचूच्या पाठीला टेकली.

चिचूनं डोळे मिटले. दात थांबवले नाहीत. कुरुम कुरुम.

तट्!

मांजा तुटला. चोच वर गेली. बगळ्यानं पंख झटकले. फडफड, फडफड!

बगळा उडाला, तो गोठ्यात उतरला. टक् टक् टक्! मानेवरच्या टिपल्या. टक् टक् टक्! कानामागच्या टिपल्या. त्याचं पोट भरलं. बैलाची मान हलकी झाली.

बैल उठला. घाण्याच्या जुवाखाली त्यानं आपणच मान घातली. गोल गोल, गोल गोल. घाणा कुरकुरला. कर्रर्र, कर्रर्र. तेल आलं. टप. टप. टप.

चिचू मागोमाग ढिगापाशी आली. शेवंतामावशीनं वाटी धरली. मेलेल्या फटफटीच्या पोटात तेल ओतलं. थांबली. पुन्हा ओतलं. पुन्हा थांबली. लाकडाच्या ठोकळ्यानं हळूच ठोकलं. ठुक्. ठुक्. ठुक्.

सटक! पिस्टन बाहेर आला. काळा, पण धड.

"चल गं," मावशी म्हणाली. आणि चिचूला पदराच्या टोकावर बसवून रस्ता ओलांडून गेली. वास आला. तिनं नाक दाबलं. पण नेलं.

बाबालाल मिस्त्रीनं पिस्टन हातात घेतला. इकडून बघितला, तिकडून बघितला. उजेडात धरून बघितला. मग गार चहा बाजूला सारला आणि पान्यांची पेटी उचलली.

"शेवंता, प्लग पण लागेल."

मावशीनं पिशवीत हात घातला. मोडक्या स्कूटरचा प्लग निघाला. फुटक्या पंपाची स्प्रिंग निघाली. कुणाच्या तरी जुन्या गाडीच्या रिंगाही निघाल्या.

मिस्त्री परसात बसला. इंजिन उघडलं. खटक्! तुटका पिस्टन काढला. रॉकेलनं सगळं धुतलं. खसखस, खसखस. रिंगा चढवल्या. पिस्टन बसवला. स्प्रिंग लावली. प्लग घासला. बोल्ट आवळले. कुर्र, कुर्र, कुर्र.

चिचूनं मातीला कान लावला होता.

खालून काही आवाज येत नव्हता.

"मिस्त्रीबाबा, लवकर करा ना."

 मिस्त्रीचे हात आणखी भरभर चालले.

किक मारली. खट्! काही नाही.

किक मारली. खट्! फुस्स. काळा धूर.

मिस्त्रीनं कंबर धरली. दम घेतला. वडील मारायचे तशी, सगळं अंग टाकून किक मारली.

फट्!

फट् फट्!

फट् फट् फट् फट् फट् फट्!

मेलेल्या पिस्टननं फटफटी जिवंत झाली. चाक सुटलं. मिस्त्रीनं गियर टाकला. फटफटी पुढं सरकली. एवढीशी सरकली, पण सरकली.

बीळ उघडं झालं.

चिचूनं बिळात तोंड घातलं. "या गं, या!"

एक बाळ आलं. धडपडत. अजून एक आलं. झोकांड्या खात. मग अजून एक. सगळी आईच्या पोटाशी घुसली. चुट चुट चुट, दूध प्यायला लागली.

धाकटं आलं नाही.

चिचू आत गेली. धाकट्याला मानेला धरून बाहेर आणलं. ते गार होतं. हलत नव्हतं. चिचूनं त्याला चाटलं. नाक चाटलं, पोट चाटलं, पाठ चाटली. ते हललं नाही.



मग फटफटी म्हणाली, "मी गरम आहे गं. इकडं आणा त्याला."

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. इंजिनावर जुनं फडकं घातलं. दुमडून दुमडून घातलं, चटका बसू नये म्हणून. मग खाली वाकला. बाळाला काळ्या तळहातावर घेतलं. शी म्हणाला नाही. लांब हो म्हणाला नाही. फडक्यावर अलगद ठेवलं आणि वरून हाताची ओंजळ धरली.

बराच वेळ काही झालं नाही. मावशी दाराशी उभी राहिली. पत्र्यावर बगळा येऊन बसला.

चिचू वर बघत राहिली. डोळे मिचमिच. मिचमिच.

"थांब," मिस्त्री हळूच म्हणाला. "थांब, थांब."

फडक्यात एक पाय हलला. इवलासा. मग दुसरा. मग बाळानं तोंड उघडलं. रडलं नाही. नुसतं दूध शोधायला लागलं.

मिस्त्रीनं त्याला खाली ठेवलं. चिचूनं त्याला पोटाशी ओढलं.

उन्हं कलली, तशी चिचू निघाली. नवं बीळ शोधायला. पहिल्या बाळानं आईची शेपटी तोंडात धरली. त्याची शेपटी दुसऱ्यानं धरली. त्याची पुढच्यानं. आणि सगळ्यात मागं धाकटं.

रांग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

धाकट्याला दम लागायचा. मग ते थांबायचं. ते थांबलं की सगळी रांग थांबायची. चिचू पण थांबायची. कुणी चल चल म्हणायचं नाही.

धाकट्यानं पाय उचलला, की मग पुन्हा.

तुरुतुरु.

तुरुतुरु.